तोंड मिटून

वडगावात आमच्या मागच्या शेडात
सहा माग होते. आता दोन आहेत,
बाकी चारांच्या जागी अकरा टाक्या.
फरशीत बोल्टांची भोकं अजून तशीच;
एका भोकात हवेची नळी खोचलीय.

ही पिवळी मादी, वरच्या पराला काळा काठ.
गिऱ्हाइकं हिला लॅब म्हणतात.
मी विणकराचा पोरगा, मी इरकल म्हणतो.
पहिल्या खेपेला हिनं अंडी गिळली, चौथ्या दिवशी.
दुसऱ्या खेपेला सहाव्या.
पहिलटकरीण घाबरते, दोष द्यायचा नसतो.
माग चालला की काच थरथरते,
म्हणून ह्या वेळी टाकीखाली जुन्या लुगड्याची घडी घातली
आणि शेजारचा माग बंद ठेवला.
तो बंद ठेवायला आणखीही एक कारण होतं.

नराच्या पोटाखालच्या परावर ठिपके असतात,
हुबेहूब अंडी.
ती आपली अंडी टाकते, वळते, लगेच उचलते,
आणि राहिलं की काय म्हणून
त्या ठिपक्यांनाही तोंड लावते.
तिथंच, तोंडातच, फळतात.
इतकी साधी फसवणूक, आणि कुणाचं काही जात नाही.
आमच्या धंद्यात अशी बघितली नाही.

मग एकवीस दिवस अन्न नाही.
गालफाड फुगलेलं, जबडा सारखा हलतो,
आत अंडी वरखाली करते, बुरशी लागू नये म्हणून.
दाणे टाकले की बाकीच्या धावतात,
ही कोपऱ्यातल्या कौलाखाली.

समोरची निंगव्वा कांड्या भरायला येते.
काचेला नाक लावून म्हणाली,
‘बायाग मरी इटकोंडैती.’
तोंडात पिल्लं धरलीत.
तोंडाला कन्नडात बायी.
पन्नास वर्षं ऐकतोय,
तरी दर वेळी मला आधी बाईच ऐकू येतं.

‘खाईना झालीय,’ मी मालनला सांगितलं.
‘कोण?’ ती म्हणाली. ‘तू पण ताट तसंच सोडालास की.’
मी टाकीचं झाकण पुसत राहिलो.

पंधराव्या रात्री वाऱ्यानं तार तुटली.
हेस्कॉमच्या फोनला नुसती घंटी.
पंप थांबले, आणि अकरा टाक्यांचा आवाज गेला.
मागांचा आवाज गेला तेव्हाही
एवढं ऐकू आलं नव्हतं.
तांब्या घेतला, पाणी उचललं, वरून सोडलं.
उचललं, सोडलं. फेस यायला पाहिजे,
तेवढीच हवा.
दुसरा तांब्या घेऊन मालन आली.
मेणबत्ती मागाच्या फणीवर चिकटवली.
तीनच्या सुमाराला, पाणी ओतता ओतता,
माझ्याकडं न बघता म्हणाली,
‘सौंदत्तीच्या माणसाकडनं विसार घेतलास न्हवं?
दोन्ही मागांचा?’

मी उचललं. सोडलं.
‘व्हय.’
‘कधी?’
‘तीन आठवडे झाले.’
‘मग बोलायचं न्हवतं काय?’
ती पुढच्या टाकीकडं गेली.
करंट पाचाला आला.

काडीनं जबडा उघडून पिल्लं काढतात,
माशाला डोकं खाली धरून.
मला येतं, कैकदा केलंय.
ह्या खेपेला हात लागला नाही.
छोट्या टाकीत ठेवली, पाईपचा तुकडा दिला,
आणि बाविसाव्या सकाळी
कौलाएवढ्या सावलीत एकोणीस पिवळे कण.
मी वाकलो, तर सावली पडली,
सगळे परत आत. तोंड मिटलं.
मी बाजूला झालो. परत बाहेर.

आठवड्यानं तिला वेगळी केली.
पोट खपाटीला, पर फाटलेले,
काळा काठ तेवढा पक्का.
मालननं एक दाणा टाकला, एकच.
तिनं तो घेतला,
आणि गिळला नाही.
जबडा हलवत, हळू, वरखाली,
बराच वेळ धरून राहिली.